तळघर, भरती आणि मानस

गेल्या पावसाळ्यात, अमावास्येच्या आगेमागे, पहाटे तीनच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याने दारोदार घंटी वाजवून सगळ्यांना उठवले, तेव्हा तळघरात गुडघाभर पाणी साचले होते. आम्ही पणजीत सांतिनेजच्या सखल भागात राहतो, त्यामुळे रस्त्यावर पाणी तुंबणे आम्हाला नवे नाही. वाहनतळाच्या उतारावर वाळूची पोती आम्ही मिरगाच्या आधीच रचून ठेवतो. त्या रात्री ती पोती जागच्या जागी होती. रस्त्यावरचे पाणी घोट्याच्या वर गेले नव्हते आणि पोत्यांच्या पहिल्या थरालाही पोचले नव्हते. तळघरातले पाणी आले होते ते कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याच्या न्हाणीघराच्या जाळीतून, आणि वास आल्यावर ते कुठले आहे हे कुणाला सांगावे लागले नाही.

पुढच्या पंधरवड्याचा तपशील सांगतो, कारण तळघरात पाणी शिरणे म्हणजे चार गाड्यांचे नुकसान असा पुष्कळांचा समज असतो. गाड्यांचे नुकसान झालेच. पण लिफ्टचा खड्डा मैल्याने भरला आणि चौथ्या मजल्यावरच्या, गुडघे धरलेल्या आजींना बारा दिवस खाली उतरता आले नाही. विजेचे मीटर तळघराच्याच भिंतीवर आहेत. पाणी आणखी दोन हात चढले असते तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही टाळतो. सर्वांत गंभीर गोष्ट दुसऱ्या दिवशी लक्षात आली. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी त्याच तळघरात आहे आणि तिचे झाकण फरशीच्या पातळीवर आहे. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून आलेले पाणी त्या टाकीत साठते आणि पंपाने गच्चीवर चढते. टाकी उपसून, घासून, क्लोरिनने धुऊन पुन्हा वापरात येईपर्यंत सगळी इमारत टँकरवर राहिली. त्या आठवड्यात दोन घरांतली मुले जुलाबाने आजारी पडली. त्याचे कारण हेच पाणी होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्यांच्या आईवडिलांच्या मनातून ते जाणार नाही.

तक्रार घेऊन आम्ही ज्या कार्यालयात गेलो तिथे आमचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले गेले आणि सांगण्यात आले की यंदा पाऊसच तसा पडला. दुसऱ्या कार्यालयात सांगितले की रस्त्याकडेची गटारे मेमध्येच उपसली आहेत. दोन्ही उत्तरे खरी असतील. आमच्या प्रश्नाला ती लागू मात्र पडत नव्हती. पावसाचे पाणी वाहून नेणारे रस्त्याकडेचे गटार आणि घराघरांतला मैला वाहून नेणारी रस्त्याखालची मलनिस्सारण वाहिनी या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. बोलताना आपण दोन्हींना गटारच म्हणतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन्ही एकच होतात आणि दरवर्षी मान्सूनपूर्व कामांचा आढावा घेतला जातो तोही मुख्यतः दिसणाऱ्या गटारांचा. न दिसणाऱ्या वाहिनीची आठवण ती घरात वर आल्याशिवाय होत नाही.

हे पाणी वर का येते हे समजून घेणे अवघड नाही. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी समान पातळी गाठते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. रस्त्यातला मॅनहोल, त्याखालची वाहिनी, इमारतीचे चेंबर आणि तळघरातल्या न्हाणीघराची जाळी ही जोडलेली भांडीच आहेत. पुढे कुठेतरी वाहिनी चोंदली किंवा तिच्यात मावेल त्याहून जास्त पाणी शिरले की मॅनहोलमधली पातळी चढू लागते. ती रस्त्यावरच्या झाकणापर्यंत चढण्याआधी, झाकणापेक्षा खाली जे जे तोंड उघडे असेल तिथून पाणी बाहेर पडते. तळघर रस्त्याच्या आठ-दहा फूट खाली असते, म्हणून ते पहिले तोंड ठरते. रस्त्यावर काहीच न दिसता तळघर भरू शकते ते यामुळे. ज्यांच्याकडे तळघर नाही त्यांनी निश्चिंत राहावे असेही नाही. कामराभाट किंवा मळा या पणजीतल्या वस्त्यांमधल्या ज्या जुन्या घरांची जोती रस्त्याला लागून आहेत किंवा वारंवार डांबर चढवल्यामुळे रस्त्याखाली गेली आहेत, त्यांचे तळमजल्यावरचे शौचालय हेच त्यांचे तळघर असते. आम्ही वर राहायला जाऊ शकतो. त्यांना वरचा मजलाच नाही.

आता मावेल त्याहून जास्त पाणी वाहिनीत येते कुठून, हा प्रश्न. नियमाप्रमाणे मलवाहिनीत पावसाचा एक थेंबही जाऊ नये. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी मलवाहिनीत न्यायचे म्हटले तर वाहिनीऐवजी बोगदाच खणावा लागेल. प्रत्यक्षात पाऊस तिच्यात जातो, आणि त्याला बऱ्याच अंशी आपण नागरिक जबाबदार आहोत हे आधी कबूल केले पाहिजे. गच्चीवरचे पावसाळी नळ सोयीसाठी मैल्याच्या चेंबरला जोडलेल्या इमारती शहरात थोड्या नाहीत. आमच्या इमारतीचे चार नळ असे निघाले. बिल्डरने ते बांधकामाच्या वेळीच तसे जोडले होते आणि इतकी वर्षे आमच्यापैकी कुणी पाहिलेही नव्हते. आवारात पाणी साचले की चेंबरचे झाकण पहारीने उचलून पाणी आत सोडणे हा तर सर्रास उपाय आहे. पाच मिनिटांत आपले आवार मोकळे होते आणि ते सगळे पाणी खालच्या बाजूच्या कुणाच्या तरी न्हाणीघरात वर येते. शिवाय उघडे राहिलेले झाकण माणसाचा जीव घेते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक ख्यातनाम डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले आणि पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ही घटना मराठी माणूस विसरलेला नाही.

परंतु सगळा दोष नागरिकांवर टाकून हा विषय मिटत नाही. त्या रात्री पाऊस मध्यम होता. मोठी होती ती भरती. मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सव्वादोन मीटरच्या घरात जातो, आणि सांतिनेजची खाडी ताळगावच्या शेतांकडून शहरातून वाहत येऊन कांपालजवळ मांडवीला मिळते, म्हणजे नदीची भरती आमच्या दारापर्यंत येते. भरतीबरोबर खाडीचे पाणी चढते, खाडीबरोबर जमिनीतले पाणी चढते आणि ते जुन्या वाहिनीच्या सांध्यांतून आत झिरपते. पाऊस नसतानाही मलवाहिनी निम्मी भरलेली राहते ती अशी. वर एखादी जोराची सर आली की उरलेली निम्मी भरायला वेळ लागत नाही.

वाहिनी जुनी होते म्हणजे नेमके काय होते, हे इथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण 'जुनी गटारे' हा शब्दप्रयोग इतका वापरला जातो की त्याचा अर्थच पुसट झाला आहे. पणजीच्या मध्यभागातल्या मलवाहिन्यांचे जाळे गोवा मुक्तीनंतरच्या काळात घातले गेले. त्यातल्या जुन्या वाहिन्यांनी पन्नाशी गाठली किंवा ओलांडली आहे. आपल्या देशात मलनिस्सारणाच्या कामासाठी जी केंद्रीय मार्गदर्शिका प्रमाण मानली जाते ती वाहिन्यांचा आराखडा ३० वर्षांपुढचा विचार करून करायला सांगते. याचा अर्थ तिसाव्या वर्षी वाहिनी फुटते असा नाही, पण ज्या लोकसंख्येसाठी आणि ज्या घरांसाठी ती आखली गेली होती तो हिशेब तोवर संपलेला असतो. बंगला आणि परसबाग होती त्या जागी आज चोवीस फ्लॅट आहेत. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या जेमतेम ४०,००० होती, तेव्हा हे जाळे पुरे पडायला हवे असे कुणाला वाटेल. परंतु राजधानीत रोज कामाला, शिकायला, बाजाराला आणि पर्यटनाला येणारा माणूस त्या आकड्यात नाही, आणि तोही इथलेच शौचालय वापरतो.

त्यात पणजीची जमीन. ही भूमी मुळात दलदलीची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी. रायबंदरला पणजीशी जोडणारा लिन्यारिशचा पूल १६३० च्या दशकात बांधावा लागला तो या पाणथळीवरूनच. त्याच्या बाजूची मिठागरे आजही ती आठवण देतात. १८३० च्या आसपास दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू या गव्हर्नरने सखल जागा भरून, सरळ रस्ते आखून शहराला आकार दिला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आजचा सखल भाग हा असा भरावावर उभा आहे: खाली काळा, मऊ गाळ आणि वर मुरूम. मोठी इमारत खोल पायांवर उभी राहते आणि हलत नाही. तिच्यातून निघणारी नळी मात्र भरावात पुरलेली असते आणि भराव वर्षानुवर्षे बसत जातो. नळी खचते ती नेमकी इमारतीबाहेर पडताना, नाहीतर मॅनहोलच्या भिंतीशी. सांधा उघडतो. खचलेल्या ठिकाणी नळीला पोट येते, त्या पोटात मैला थांबतो, कारण वाहिनीतले पाणी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेगाने वाहिले तरच ती स्वतःला धुऊन काढते. थांबलेला मैला कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. वाहिनीच्या वरच्या ओलसर भागावरचे जिवाणू त्या वायूचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट काँक्रीटचे छत आतून खात जाते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, त्यामुळे जिथे खारे पाणी झिरपते तिथे ही प्रक्रिया अधिक जोमाने चालते. उघड्या सांध्यातून पाण्याबरोबर माती आत जाते, नळीभोवती पोकळी होते आणि एके दिवशी रस्ता खचतो. लोक खड्डा पाहतात आणि डांबराला दोष देतात.

आतून खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टीची किंमत काय असते ते गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा तो बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. खाऱ्या हवेने आतले पोलाद गंजवले होते आणि वरून जाणाऱ्या माणसांना ते दिसत नव्हते. त्यानंतरची फेरीबोटीची वर्षे ज्यांनी काढली त्यांना देखभाल या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे.

या प्रश्नाकडे पाहताना मला वारंवार आपल्या खाजन जमिनींची आठवण येते, आणि ती भूतकाळाच्या ओढीने येत नाही. गोव्यात साधारण १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पूर्वजांनी खाडीकाठी बांध घालून, भरतीच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकवले. त्या सगळ्या व्यवस्थेचे मर्म मानशीत आहे. बांधाच्या पोटात चिऱ्यांच्या चौकटीत बसवलेली लाकडी दारे. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडतात आणि शेतातले आणि पोंयीतले, म्हणजे बांधाआतल्या तळ्यातले, पाणी नदीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटतात आणि नदी आत येऊ शकत नाही. पाण्याला एकाच दिशेने वाट द्यायची, हे तत्त्व. आज प्लंबर ज्याला 'एनआरव्ही' म्हणतात, म्हणजे मैलापाणी इमारतीतून रस्त्याकडे जाऊ देणारी पण परत येऊ न देणारी झडप, ती मानशीचीच धाकटी बहीण आहे. भरतीच्या पातळीखाली राहायचे तर मानस हवी, हे ज्या भूमीला शेकडो वर्षे माहीत होते, त्या भूमीत आपण भरतीच्या पातळीखाली तळघरे खोदली आणि त्यांना झडप बसवली नाही.

मानशीचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ती लाकडी दारे आपोआप उघडत आणि मिटत, पण ती आपोआप टिकत नसत. फळी कुजली, खेकड्यांनी बांध पोखरला, दाराखाली ओंडका अडकला तर रात्री-अपरात्री कुणीतरी जाऊन पाहावे लागे. ते काम गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, करवून घेई. त्यासाठी माणूस नेमलेला असे, खर्च ठरलेला असे आणि मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होऊन त्यातून उत्पन्नही येई. बांध फुटला तर कुणाला विचारायचे हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमिनीचा ताबा कुळांकडे आला, आणि ते न्यायाचेच झाले, यात मला शंका नाही. परंतु बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटना, गावकरी आणि सरकार यांच्यामध्ये कुठेतरी विखुरली. पुढे ठिकठिकाणी बांध फुटत गेले आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. तीच लाकडे, तेच चिरे, तीच भरती. बदलले होते ते एवढेच की पहाटे उठून पाहायला जाणारा माणूस कुणाचा, हे ठरलेले राहिले नव्हते.

पणजीच्या मलवाहिन्यांची स्थिती आज अशीच आहे असे मला वाटते. नवी वाहिनी घालणारी यंत्रणा एक, ती चालवणारे खाते दुसरे, रस्त्याकडेच्या गटारांची आणि कचऱ्याची जबाबदारी महापालिकेकडे, खाडी आणि नदी जलस्रोत खात्याच्या कक्षेत, इमारतीला परवाना देताना नगर नियोजन खात्याचा अभिप्राय, आणि इमारतीच्या कुंपणाच्या आतले सगळे सोसायटीचे. यातली प्रत्येक यंत्रणा आपले काम नीट करत असेल असे गृहीत धरले तरी पाणी या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून एकाच रात्रीत आमच्या तळघरात येते. २००८ मध्ये राज्याने मलनिस्सारण व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि जिथे वाहिनी उपलब्ध आहे तिथे जोडणी घेणे घरमालकावर बंधनकारक केले. ते आवश्यकच होते. सेप्टिक टाक्या आणि शोषखड्डे यांच्यामुळे आपल्या विहिरी नासल्या आहेत. पण जी जोडणी नागरिकाने सक्तीने घ्यायची, त्या जोडणीतून मैला घरात परत येणार नाही याची हमी देण्याचे बंधनही तेवढ्याच स्पष्ट शब्दांत कुणावर तरी असायला हवे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की स्मार्ट सिटीच्या कामात नव्या वाहिन्या घातल्या गेल्या आहेत, आता थोडा धीर धरा. २०१६ मध्ये पणजीची त्या योजनेत निवड झाली. मधल्या काळात शहराने खणलेले रस्ते, बंद पडलेली दुकाने आणि धूळ किती सोसली हे सर्वांना आठवते. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः शहरात फिरून पाहणी केली. नव्या वाहिन्या हव्याच होत्या, त्यांच्या विरोधात मी नाही. माझी भीती वेगळी आहे. रस्त्याच्या मध्यातून जाणारी मुख्य वाहिनी नवी झाली तरी तिला येऊन मिळणाऱ्या गल्लीतल्या आणि घरांतल्या नळ्या जुन्याच असतील, तर झिरपणारे खारे पाणी आणि गच्चीवरचा पाऊस पूर्वीसारखाच तिच्यात जाईल. आणि आज नवी असलेली वाहिनी त्याच भरावात, त्याच खाऱ्या पाण्यात पुरलेली आहे. तिच्या बांधकामासाठी एकदाच मोठी रक्कम मंजूर होते, उद्घाटनाचा फलक लागतो. तिसऱ्या, सातव्या, बाराव्या वर्षी आत कॅमेरा सोडून सांधे तपासायला लागणाऱ्या रकमेसाठी फलक लागत नाही. म्हणून ती रक्कम मंजुरीवर न सोडता नव्या कामाच्या खर्चाचा ठरलेला भाग म्हणून दरवर्षी वेगळी काढली गेली पाहिजे, जसा बांधाचा खर्च पीक येवो न येवो निघत असे.

तळघरांच्या बाबतीत मात्र मी आमच्यासारख्या रहिवाशांच्या भावनेशी पूर्ण सहमत नाही. आमच्या सभेत बहुतेकांचे म्हणणे असे होते की सरकारने परवाना दिला, तेव्हा संरक्षणही सरकारने द्यावे. वाहनतळासाठीचे तळघर चटई क्षेत्रात मोजले जात नाही, त्यामुळे बिल्डर ते आनंदाने खोदतो आणि आपण ते आनंदाने विकत घेतो. ते भरतीच्या पातळीच्या किती खाली आहे, हा प्रश्न व्यवहारात कुणीच विचारत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यासाठी खास तरतूद करून खाजन जमिनींचे नकाशे करावेत आणि त्यांत विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले, ते अशाच कारणांसाठी. जी खाजने आधीच बुजून शहर झाली त्यांचे तळघर कागदावर कायदेशीर असेल, पाण्याच्या दृष्टीने ते खाजनच आहे. अशा भागात नव्या तळघरांना परवाना देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. द्यायचाच असेल तर तळघरातली एकही मोरी थेट वाहिनीला जोडलेली नसावी; तिथले पाणी खड्ड्यात गोळा करून पंपाने रस्त्याच्या पातळीवर चढवून मगच चेंबरमध्ये सोडावे, वीजमीटर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी वर असावी, आणि या गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निवासी दाखला देऊ नये. तळघरात माणसांना बसवण्याची, वर्ग किंवा वाचनालये चालवण्याची परवानगी तर कुठल्याच परिस्थितीत मिळू नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये अशाच एका तळघरात पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. मुले शिकायला पाठवणारे आईबाप गोव्यातही आहेत.

जुन्या इमारतींचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तिथे सरकारने पुढाकार घ्यायला हवा. झडप बसवणे हे मोठे काम नाही, परंतु ती योग्य ठिकाणी बसवावी लागते आणि वर्षातून दोनदा उघडून साफ करावी लागते. तिच्यात चिंधी अडकली की ती मिटत नाही आणि असून नसल्यासारखी होते. मोठ्या इमारती हा खर्च स्वतः करू शकतात आणि त्यांनी तो करावा. कामराभाट-मळ्यातल्या घरांना मात्र ती सार्वजनिक खर्चाने बसवून मिळाली पाहिजे, कारण वरच्या बाजूच्या इमारतींचा पाऊस त्यांच्या घरात येतो आहे. ज्याने पाणी सोडले त्याने सुटायचे आणि ज्याच्या घरात आले त्याने खर्च करायचा, ही व्यवस्था न्याय्य नाही.

रोग कुठे आहे हे शोधण्यासाठी नवी समिती नेमण्याचीही गरज नाही. पणजीचे मैलापाणी टोंक येथील प्रक्रिया प्रकल्पात जाते, आणि कुठल्याही अशा प्रकल्पात येणाऱ्या पाण्याची नोंद ठेवावी लागते. मे महिन्यातल्या कोरड्या दिवसाची आवक आणि जुलैमधल्या पावसाळी दिवसाची आवक शेजारी शेजारी ठेवली की मलवाहिनीत किती पाऊस शिरतो ते कळेल. एप्रिलमधल्या पहाटे तीनची आवक पाहिली, जेव्हा शहर झोपलेले असते आणि नळ बंद असतात, की जमिनीतले पाणी किती झिरपते ते कळेल. आणि येणाऱ्या मैलापाण्याची क्षारता दर तासाला मोजून भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली तर खाडी आपल्या वाहिन्यांत किती शिरली आहे हे एका महिन्यात स्पष्ट होईल, कारण माणसाच्या घरातून निघणारे पाणी भरतीच्या वेळेला अधिक खारट होत नाही. हीच मोजणी प्रत्येक पंपघरापाशी केली तर कुठल्या भागातली वाहिनी सर्वांत फुटकी आहे हेही कळेल आणि मर्यादित पैसा तिथे आधी खर्च करता येईल. हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर ठेवले जावेत. आपल्याकडे मोजणीपेक्षा दोषारोपावर अधिक वेळ जातो, आणि त्यात आम्ही नागरिक आणि खाती दोघेही आलो.

वाहिनी तुंबली की तिच्यात उतरणारा माणूस या सगळ्या चर्चेत येत नाही, म्हणून त्याच्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. आमच्या तळघरातला मैला उपसायला जे दोन तरुण आले त्यांच्या पायांत रबरी बूट होते आणि हातमोजे नव्हते. चेंबर मोकळे होत नव्हते तेव्हा त्यांच्यातला एकजण आत उतरायला निघाला, आणि त्याला थांबवण्यापूर्वी आमच्यातले काही क्षणभर गप्प राहिले, हे मी लिहून ठेवतो. मी त्यांपैकी एक होतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. जो वायू वाहिनीचे काँक्रीट खातो तोच दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. वाहिनी नादुरुस्त ठेवण्याची किंमत अखेर अशा माणसाने मोजावी लागते, आणि तो बहुधा आपल्या प्रभागातला, आपल्या मतदारयादीतला नसतो.

आमच्या सोसायटीने एवढे केले: गच्चीवरचे चारही नळ चेंबरवरून काढून पावसाळी गटाराला जोडले, पहारेकऱ्याचे न्हाणीघर तळमजल्यावर हलवले आणि तळघरातली मोरी कायमची बंद केली. मीटर वर नेण्याचे काम चालू आहे. टाकीला गुडघाभर उंच काठ बांधून घट्ट झाकण बसवले. मुख्य नळीवर झडप बसवायची आहे, पण ती कुठल्या उंचीवर बसवावी हे ठरवण्यासाठी आमच्या फाटकाबाहेरच्या मॅनहोलची तळपातळी आणि उधाणाच्या भरतीला त्यात चढणारे पाणी हे दोन आकडे प्लंबरला हवे आहेत. ते मागणारे पत्र आम्ही चार महिन्यांपूर्वी दिले आणि दोनदा आठवण केली. पुढचा मिरग तीन आठवड्यांवर आला आहे. या आठवड्यात तिसरे पत्र जाईल, आणि त्यावर आमच्याबरोबर शेजारच्या पाच इमारतींच्या आणि मागच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या आहेत.